तापाचा रिपोर्ट हातात आला: कागदावरचे शब्द कसे वाचायचे

पावसाळा लागला की नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या लॅबच्या काउंटरवर सकाळी आठपासून रांग लागते, आणि मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीचं तर विचारूच नका. पेशंट भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचा असतो, कधी पलीकडून छिंदवाड्याचा. सोबत पुतण्या नाहीतर जावई. त्याच्या हातात चार कागद, त्यावर सगळी इंग्रजी अक्षरं, आणि डॉक्टरांशी बोलायला मिळणार जेमतेम दोन-चार मिनिटं. हा लेख त्या पुतण्यासाठी आहे. मी डॉक्टर नाही, लॅबच्या काउंटरवर बसतो. निदान करायचं काम माझं नाही आणि तुमचंही नाही. पण कागदावर काय लिहिलंय ते कळलं, तर डॉक्टरांना नेमकं विचारता येतं आणि नको ती धावपळ वाचते.

संसर्गाच्या कुठल्याही रिपोर्टवर एखादा शब्द अडला की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हा शब्द जंतूबद्दल सांगतोय की आपल्या शरीराबद्दल? काही चाचण्या जंतू किंवा त्याचा एखादा भाग शोधतात. बाकीच्या, जंतू आल्यावर शरीराने काय केलं ते मोजतात. या दोन गोष्टी वेगवेगळ्या दिवशी रक्तात दिसतात, म्हणून सुरुवात तारखेपासून करू.

आधी तापाचा दिवस लिहून ठेवा

फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ताप कोणत्या तारखेला, सकाळी की संध्याकाळी सुरू झाला ते लिहा. तो दिवस पहिला धरायचा. "तीन-चार दिवस झाले असतील जी" हे उत्तर आम्ही रोज ऐकतो, पण तीन आणि पाच यांत चाचणी बदलते.

त्याखाली आणखी चार ओळी: गावात कोणती गोळी-इंजेक्शन घेतलं (पाकीट असेल तर सोबत आणा), गेल्या दोन-तीन आठवड्यांत शेतात, जंगलात किंवा बाहेरगावी जाणं झालं का, आधी कधी डेंग्यू झाला होता का, आणि घरात किंवा शेजारी आणखी कोणाला ताप आहे का. जंतू शरीरात शिरल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंत जो काळ जातो त्याला अधिशयन काळ म्हणतात. डेंग्यूत तो साधारण ४ ते १० दिवसांचा असतो, रेबीजमध्ये काही आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत जाऊ शकतो. डॉक्टर "मागच्या आठवड्यात कुठं होतात?" असं विचारतात ते यासाठी.

जंतू कोणत्या जातीचा

जंतू हा सगळ्यांना लागू पडणारा घरगुती शब्द. त्यात चार मोठे गट आहेत.

जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया: टायफॉइड, क्षयरोग, घटसर्प, डांग्या खोकला. अँटिबायोटिक यांच्यावर चालतं. विषाणू म्हणजे व्हायरस: डेंग्यू, चिकुनगुनिया, गोवर, कांजिण्या, फ्लू, कोरोना. यांच्यावर अँटिबायोटिक अजिबात चालत नाही. काही विषाणूंसाठी वेगळी अँटिव्हायरल औषधं आहेत, डेंग्यूसाठी अजून तसं औषध नाही, तिथं उपचार म्हणजे पाणी, सलाईन आणि नजर ठेवणं. बुरशीत गजकर्णापासून २०२१ साली कोरोनाच्या मागून आलेल्या काळ्या बुरशीपर्यंत सगळं आलं.

चौथा गट परजीवींचा. मलेरिया त्यातला. मलेरियाच्या रिपोर्टवर 'व्हायव्हॅक्स' किंवा 'फाल्सिपॅरम' असं नाव येतं, ते नीट बघा. फाल्सिपॅरम मेंदू-किडनीपर्यंत जाऊन जिवावर बेतू शकतो. व्हायव्हॅक्स लिव्हरमध्ये दडून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो, म्हणून त्याच्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेलं पाकीट फ्रिजवर पडून राहतं. दिवाळीत तोच पेशंट परत.

अँटिजेन आणि अँटिबॉडी: इथं थोडं थांबा

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. अँटिजेन म्हणजे प्रतिजन, जंतूचा तो भाग ज्यावरून शरीर त्याला ओळखतं. अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड, त्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेलं प्रथिन. पहिला शब्द जंतूचा, दुसरा आपला.

डेंग्यूचा कागद समोर घ्या. त्यावर तीन ओळी असतात: एनएस-१, आयजीएम, आयजीजी.

एनएस-१ हे डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन, म्हणजे अँटिजेन. तापाच्या पहिल्या दिवसापासून ते सापडू शकतं आणि पाचव्या-सातव्या दिवसाकडे कमी होत जातं. आयजीएम ही शरीराची पहिली अँटिबॉडी. ती साधारण चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिसू लागते आणि दोन-तीन महिने रक्तात राहू शकते. आयजीजी मागून येते आणि वर्षानुवर्षं टिकते.

आता दुसऱ्या दिवशी रक्त दिलं आणि आयजीएम निगेटिव्ह आली, तर त्याचा अर्थ काय? काहीच नाही. शरीराला ती बनवायला वेळच मिळालेला नाही. तसंच आठव्या दिवशी एनएस-१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नव्हता असंही नाही. "निगेटिव्ह आहे तर ताप काहून उतरत नाही भाऊ?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर फाइलवर लिहिलेल्या त्या तारखेत असतं.

फक्त आयजीजी पॉझिटिव्ह असेल आणि बाकी दोन निगेटिव्ह, तर बहुतेक वेळा ती जुन्या डेंग्यूची खूण असते. पण तापाच्या सुरुवातीलाच एनएस-१ सोबत आयजीजी वाढलेली दिसली, तर हा दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू असू शकतो, आणि हे डॉक्टरांच्या नजरेला आणून द्यायचंच. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळते, बाकी तिघांविरुद्ध फक्त काही काळ. पुढे वेगळ्या प्रकाराचा डेंग्यू झाला तर जुन्या अँटिबॉडीज त्याला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत, उलट पेशींच्या आत शिरायला मदत करतात. दुसरा डेंग्यू जास्त गंभीर होण्याचं एक कारण हे आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे नेहमी जितकी जास्त तितकी चांगली, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून विकली जाणारी पावडर नेमकं काय वाढवते, हे त्या डब्यावरही लिहिलेलं नसतं.

रिपोर्टच्या तळाला 'रॅपिड' की 'एलायझा' तेही वाचा. रॅपिड म्हणजे पट्टीवरची झटपट चाचणी, एलायझा म्हणजे लॅबमध्ये यंत्रावर होणारी, जास्त वेळ घेणारी. सरकारी यंत्रणा पक्क्या निदानासाठी एलायझा धरते. म्हणून बाहेरचा रॅपिड रिपोर्ट पॉझिटिव्ह असूनही सरकारी दवाखान्यात पुन्हा रक्त घेतलं, तर वाद घालू नका.

सीबीसी: प्लेटलेटच्या शेजारची ओळ

सीबीसी ही रक्तातल्या पेशींची मोजणी. ती जंतूचं नाव सांगत नाही, शरीराची हालत सांगते. पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. त्यांच्यातल्या न्यूट्रोफिल वाढल्या तर जिवाणूंकडे संशय जातो. पांढऱ्या पेशीच कमी झाल्या असतील तर डेंग्यूसारखा विषाणू किंवा टायफॉइडही असू शकतो. इओसिनोफिल ॲलर्जीत आणि जंतांमुळे वाढतात. सीआरपी वेगळी चाचणी आहे. शरीरात कुठंतरी दाह चालू आहे एवढंच ती सांगते, कुठं आणि कशामुळे ते सांगत नाही.

पण लोकांचं सगळं लक्ष प्लेटलेटवर. फोनवर पहिला प्रश्न तोच: "प्लेटलेट किती आल्या?" नॉर्मल दीड ते साडेचार लाख. डेंग्यूत त्या उतरतात आणि तापानंतरच्या दिवसांत आपोआप चढतात. किवी, पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध यांना त्याचं श्रेय मिळतं ते नेमकं त्याच दिवसांत घेतल्यामुळे. रक्तस्राव होत नसेल तर प्लेटलेट साधारण १०,००० च्या खाली गेल्याशिवाय बाहेरून चढवायची गरज नाही, असं राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. चाळीस हजार बघून रात्री रक्तपेढ्या पालथ्या घालणारे नातेवाईक दर मोसमात दिसतात.

त्यापेक्षा त्याच कागदावर 'पीसीव्ही' किंवा 'हिमॅटोक्रिट' (रक्तात तांबड्या पेशींचा हिस्सा किती टक्के) ही ओळ शोधा आणि कालच्या आकड्याशी ताडून बघा. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागलं की रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो. प्लेटलेट उतरतायत आणि पीसीव्ही चढतंय, हे दोन्ही एकदम दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवा.

डेंग्यूत ताप उतरल्यावर धोका टळला असं मानू नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरतो तेव्हाच बिघडायची वेळ असते. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्या-नाकातून रक्त, हातपाय थंडगार, लघवी कमी, पेशंट सुस्त किंवा चिडचिडा झालेला: यातलं एक जरी दिसलं तर पुढच्या रिपोर्टची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा. आणि तापासाठी पॅरासिटामॉलच. अंग दुखतं म्हणून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने देऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

विडाल आणि कल्चर

"टायफॉइड निघाला" असं सांगत येणाऱ्या दहांतल्या बहुतेकांच्या हातात विडालचा कागद असतो. १८९६ सालची ही चाचणी आपल्याकडे अजून तितक्याच जोरात आहे. ती टायफॉइडचा जंतू शोधत नाही, त्याच्या 'ओ' आणि 'एच' या अँटिजेनविरुद्धच्या अँटिबॉडी मोजते. १:८०, १:१६० हे आकडे म्हणजे रक्त किती पट पातळ करूनही अँटिबॉडी सापडल्या ते. आपल्या भागात धडधाकट माणसाच्या रक्तातही १:८० सापडू शकतं. पूर्वी टायफॉइड झाला असेल, लस घेतली असेल, दुसराच एखादा ताप असेल, तरी विडाल हलते. पहिल्या आठवड्यात ती खऱ्या टायफॉइडमध्येही निगेटिव्ह येऊ शकते. एकट्या विडालवर टायफॉइड ठरवू नये, हे डॉक्टर मंडळीही मानतात. तरी ती लिहिली जाते, कारण स्वस्त आहे आणि रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो.

खरा पुरावा ब्लड कल्चरचा. त्यात रक्त बाटलीत ठेवून जंतू वाढतो का ते बघतात. रिपोर्टला दोन-तीन दिवस, कधी पाच दिवस लागतात. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्त दिलं तर जंतू सापडायची शक्यता जास्त, म्हणून महागडं अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी "कल्चर पाठवायचं का, डॉक्टर?" एवढं विचाराच. 'नो ग्रोथ' म्हणजे बाटलीत काही वाढलं नाही. आधीच गोळ्या पोटात गेल्या असतील तर त्यावर फार विसंबू नका.

जंतू वाढला तर सोबत औषधांची यादी येते. नावापुढे 'सेन्सिटिव्ह' म्हणजे ते औषध या जंतूवर चालतं, 'रेझिस्टंट' म्हणजे जंतू त्याला जुमानत नाही. रेझिस्टन्स जंतूत तयार होतो, पेशंटच्या शरीरात नाही. तोच जंतू पुढे दुसऱ्या कोणाला लागला तरी त्याच्यावर ते औषध फुकट. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेषा असेल तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. दुकानदार देतो ही गोष्ट वेगळी.

काळी खपली

स्क्रब टायफसचं नाव नागपुरात २०१८ च्या पावसाळ्यात घरोघरी पोचलं. झुडपा-गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्यातून हा जिवाणू शिरतो. काख, जांघ, कमरेचा पट्टा, स्तनाखाली अशा झाकलेल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली पडते, ती दुखत नाही, म्हणून कोणी सांगतही नाही. तिला एस्कार म्हणतात. शेतात जाणाऱ्या माणसाचा ताप आठवडाभर हटत नसेल तर घरच्यांनीच अंघोळीच्या वेळी सगळं अंग नीट बघावं. डॉक्सिसायक्लिनसारखं साधं औषध त्यावर चालतं आणि पक्का संशय असेल तर डॉक्टर आयजीएमच्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत.

हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही. संसर्ग झाला म्हणजे तो जवळच्याला लागणारच असं नसतं. धनुर्वातही लागत नाही, गोवर मात्र एका खोलीत बसल्यावरही लागतो. तेव्हा पेशंटचं ताट-पांघरूण वेगळं करण्याआधी "हा लागतो का, आणि कशातून लागतो?" हे विचारून घ्या.

प्रतिकारशक्ती: स्वतःची आणि उसनी

हे समजायला कुत्रा चावल्याची चिठ्ठी पुरते. रात्री गल्लीत गाडीमागे कुत्रे लागणं काही नवं नाही, त्यामुळे ही चिठ्ठी कधी ना कधी कोणाच्यातरी घरात येतेच.

जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. मग दवाखान्यात 'कॅटेगरी' लिहितात. कातडी शाबूत असताना नुसतं चाटलं तर पहिली. रक्त न येता ओरखडा किंवा दात घासला तर दुसरी. रक्त निघालं, किंवा जखमेवर नाहीतर तोंड-डोळ्यांच्या ओल्या त्वचेवर लाळ लागली तर तिसरी. दुसरीला लस लागते. तिसरीला लस आणि शिवाय इम्युनोग्लोब्युलिन.

ही दोन वेगळी इंजेक्शनं का? लस शरीराला जंतूची ओळख करून देते आणि अँटिबॉडी शरीराने स्वतः बनवायच्या असतात. त्याला सक्रिय प्रतिकारशक्ती म्हणतात. ती टिकते, पण तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. खोल जखमेत तेवढी वाट बघणं धोक्याचं. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे दुसऱ्या माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तातून काढलेल्या तयार अँटिबॉडी. त्या जखमेतच आणि तिच्या भोवती टोचतात, लगेच कामाला लागतात आणि काही आठवड्यांत संपतात. ही निष्क्रिय, म्हणजे उसनी प्रतिकारशक्ती. पहिल्या दिवशी ती मिळाली नाही, तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येते, त्यानंतर उपयोग नाही.

चिठ्ठीवरचा '० दिवस' म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस. पुढचे ३, ७, २८, आणि लस कातडीत न देता दंडाच्या स्नायूत खोल देत असतील तर १४ सुद्धा. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली, त्या भीतीने कोणी घरी बसलं असेल तर त्याला सांगा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

उसनी प्रतिकारशक्ती प्रत्येक बाळालाही मिळते. आईच्या आयजीजी नाळेतून बाळात जातात, आणि चीकातून, म्हणजे पहिल्या दुधातून, आयजीए या प्रकारच्या अँटिबॉडी. म्हणूनच गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधी आईच्या अँटिबॉडीच लशीतल्या विषाणूला निकामी करू शकतात.

विदर्भातल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. घरात कोणाला सिकलसेल असेल (वाहक नव्हे, आजार), तर तापाच्या चिठ्ठीवर ते पहिल्या ओळीत लिहून घ्या. या आजारात प्लीहा (रक्तातले जंतू गाळणारा अवयव) लहानपणापासूनच निकामी होत जाते आणि न्यूमोकॉकससारखे जिवाणू रक्तात वेगाने वाढतात. अशा मुलाचा ताप "उद्या बघू" म्हणून घरी ठेवायचा नसतो. न्यूमोकॉकसची लस झाली आहे का, तेही कार्डावर तपासा.

साथीच्या बातम्यांतले शब्द

ठरावीक जागी, ठरावीक काळात अपेक्षेपेक्षा जास्त पेशंट म्हणजे उद्रेक. तो पसरला की साथ. देशोदेशी पसरली की महासाथ, जशी कोरोनाची ११ मार्च २०२० ला जाहीर झाली. गडचिरोलीतल्या मलेरियासारखा आजार एखाद्या भागात कायम राहतो, त्याला प्रदेशनिष्ठ म्हणतात. आजारी माणसाला वेगळं ठेवणं ते विलगीकरण, संपर्कात आलेल्या पण अजून बऱ्या असलेल्याला ठेवणं ते क्वारंटाइन. समूह प्रतिकारशक्ती म्हणजे इतक्या लोकांना संरक्षण मिळणं की जंतूला पुढचा माणूसच सापडू नये. गोवरासाठी त्याकरता साधारण ९५ टक्के मुलांना लस लागते.

राहिला 'वाहक', इथं अर्थ जंतू एकाकडून दुसऱ्याकडे नेणारा. डेंग्यूत तो एडिस डास, दिवसा चावणारा. महानगरपालिकेचे कर्मचारी दारात येऊन "कूलर दाखवा" म्हणतात, ते त्याच्या अळ्यांसाठी. जूनमध्ये पाऊस पडला, कूलर बंद झाला, पण टाकीत बोटभर पाणी तसंच, हे आपल्या शहरातलं घरोघरचं चित्र. नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर पत्र्याला चिकटलेली असतात, कोरडी राहूनही काही महिने तग धरतात आणि पाणी मिळालं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा एक वार कोरडा पाळायचा. टाकी आतून घासायची, वाळ्याच्या ताट्या काढून उन्हात टाकायच्या, आणि फ्रिजच्या मागचा ट्रे विसरायचा नाही.